इंजिन खोलताना

आंबा घाटाची चढण आपल्या भागात कोणाला माहीत नाही? देवरूखहून कोल्हापूरला जायचे तर साखरप्यावरून हाच घाट चढावा लागतो. समजा, एक जुनी डिझेल जीप घाट चढते आहे. आत माणसे दाटीवाटीने बसली आहेत. टपावर ओझे आहे. वैशाखाचे ऊन आहे. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ येऊ लागते. ड्रायव्हर खाली उतरतो आणि घाईघाईने रेडिएटरचे झाकण फिरवतो.

थांबा! पहिली चूक इथेच होते.

रेडिएटरच्या आतले पाणी झाकणाने दाबून धरलेले असते. दाबामुळे ते शंभर अंशांपेक्षा जास्त तापले तरी उकळत नाही. झाकण काढले की दाब एकदम जातो. मग पाणी उकळून तोंडावर, छातीवर, हातावर उडते. त्या पाण्याने कातडी सोलून निघते. डोळाही जाऊ शकतो. म्हणून इंजिन बंद करा आणि सावलीत बसा. बॉनेट उघडे ठेवा. हात लावता येईल इतके रेडिएटर थंड झाले, की मगच झाकणावर फडके टाकून ते हळूच फिरवा.

घरी आल्यावर दिसते, की गाडी रोज पाणी खाते. मागून पांढरा धूर येतो. ऑईल काढून पाहावे तर ते दुधाच्या चहासारखे झालेले असते. मिस्त्री म्हणतो, "हेडचं पॅकिंग गेलं. इंजिन खोलावं लागेल."

पॅकिंग म्हणजे काय?

उखळात मुसळ वरखाली होते, तसा इंजिनात पिस्टन वरखाली होतो. ज्या नळकांड्यात तो फिरतो त्याला सिलिंडर म्हणतात. पिस्टन पहिल्यांदा हवा आत ओढतो. दुसऱ्यांदा ती दाबतो. तिसऱ्यांदा इंधन जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. चौथ्यांदा धूर बाहेर जातो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याचेच नाव या तेलाला पडले.

सिलिंडरच्या वर जाड झाकण असते, ते हेड. हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. भांड्याचे झाकण आपण कणकेने लिंपतो ना, तसेच हे काम. इंजिन फार तापले की हेड वाकते आणि पॅकिंग जळते. मग पाणी ऑईलमध्ये जाते. ते बदलायचे तर हेड काढायलाच हवे.

हेड काढणे फार कठीण नाही. कठीण आहे ते परत होते तसे बसवणे, आणि सगळे करून हातपाय धड ठेवणे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: थंड इंजिन, थंड डोके आणि खुणेच्या चिठ्ठ्या.

आधी जागा बघा

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करा. पावसाळ्यात आपली तांबडी माती मऊ होते. तिच्यात जॅक रुततो आणि तिरका होतो. चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा. हँडब्रेक ओढा. चावी काढून खिशात ठेवा.

गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याचे तेल गळले किंवा तो सरकला, की अख्खी गाडी छातीवर येते. मग ओरडायलाही सवड मिळत नाही. गाडी उचलल्यावर तिच्याखाली लोखंडी घोड्या लावा. काही लोक जांभ्या दगडाचे चिरे रचतात. तसे करू नका. चिरा भिंतीत चांगला असतो. पण गाडीचा भार एका कडेवर आला की तो फुटतो.

पूर्ण इंजिनच बाहेर काढायचे असेल तर ते काम घरी करू नये. इंजिनाचे वजन दीडदोनशे किलो किंवा त्याहूनही जास्त असते. आंब्याच्या फांदीला किंवा घराच्या वाशाला साखळी बांधून ते लटकवणे म्हणजे मरण बोलावणे. भार पेलणारी कप्पी आणि पक्का सांगाडा असेल तिथेच ते काढावे. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके घालू नये.

मग बॅटरी

पाना हातात घेण्याआधी बॅटरी सोडवा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी काढायची. बहुतेक गाड्यांत ती उण्या खुणेची असते. दुसरी तार आधी काढायला गेलो आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. पाना लाल होतो. बोटात अंगठी असेल तर बोट भाजते. म्हणून अंगठी आणि कडे आधीच काढून ठेवा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिथे विडी नको, काडी नको. परत जोडताना हीच तार शेवटी जोडायची.

चिठ्ठ्यांची करामत

आता खरे काम सुरू होते. रेडिएटरचे पाणी पसरट भांड्यात काढून घ्या. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर ते विषारी असते, आणि चवीला गोड लागते. पोरे आणि कुत्री ते पितात. म्हणून भांडे झाकून उंचावर ठेवा.

यानंतर पाण्याचे नळ, डिझेलच्या बारीक नळ्या, वरचे झाकण, पुशरॉड असे एकेक काढत जावे लागते. इथेच अडाणी माणूस आणि शिकलेला माणूस यांच्यात फरक पडतो. सगळे नट-बोल्ट एका डब्यात टाकणे सोपे असते. पण लावताना लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी जातो. तो आतले लोखंड फोडतो, नाहीतर सैल राहतो.

तुम्हांला आता लिहिता येते. त्याचा उपयोग करा. नारळाच्या करवंट्या ओळीने मांडा. एकेका भागाचे बोल्ट एकेका करवंटीत ठेवा. प्रत्येकीत चिठ्ठी टाका: 'पाण्याचा नळ, वरचे २ बोल्ट', 'वरचे झाकण, ६ बोल्ट'. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. शाई तेलाने पसरते.

पुशरॉड सगळे सारखे दिसतात. पण प्रत्येक जण आपल्याच जागी झिजलेला असतो. पुठ्ठ्याला आठ भोके पाडा, त्यांना १ ते ८ आकडे घाला आणि पुशरॉड त्याच क्रमाने खोचा. पिस्टन काढायची वेळ आली तर प्रत्येकावर आणि त्याच्या दांड्यावर नंबर आहे का ते बघा. नसेल तर काढण्याआधी खूण करा. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही.

काम शिकणारा पोर म्हणतो, "मिस्त्री, माझ्या लक्षात राहील की!"

मिस्त्री हसून सांगतो, "आज राहील रे. पण पॅकिंग रत्नागिरीहून यायला चार दिवस लागले, तर पाचव्या दिवशी तुझ्या लक्षात काय राहणार?"

हेडचे बोल्ट

इंजिन पूर्ण थंड असताना हे बोल्ट सोडवायचे. एक बोल्ट पुरता काढून मग दुसरा, असे करू नये. कडेच्या बोल्टांपासून सुरुवात करून मधल्या बोल्टांकडे यावे. पहिल्या फेरीत सगळे थोडे थोडे सैल करावे. मग दुसरी फेरी, मग तिसरी. असे केले म्हणजे हेडवरचा ताण सगळीकडे सारखा सुटतो आणि हेड वाकत नाही.

आपली हवा खारट आणि दमट. बोल्ट गंजतात. गंजलेल्या बोल्टावर पातळ तेल सोडा आणि रात्रभर थांबा. पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर बोल्ट आतच तुटतो. मग अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांचे होते.

हेड निघाले की सिलिंडरची तोंडे स्वच्छ फडक्याने झाका. एक नट आत पडला आणि तसाच राहिला, तर तो इंजिन फोडतो. सिलिंडरला आतून तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंज चढणार नाही.

धुणे आणि आग

सुटे भाग पेट्रोलने कधी धुऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून पसरत जाते आणि दूरच्या चुलीपाशी पेट घेते. डिझेल किंवा घासलेट वापरा, तेही उघड्या हवेत. जवळ वाळूची बादली ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी ओतले तर आग विझत नाही, आणखी पसरते.

जुने पॅकिंग खरवडताना तोंडाला फडके बांधून ते ओले करून काढा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात बसते. ती फुंकरीने उडवू नका. वापरलेले ऑईल पऱ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. हाताला लागलेले ऑईल साबणाने धुवा. ते वर्षानुवर्षे कातडीवर राहिले तर कॅन्सर होऊ शकतो.

आणखी एक धोका दिसत नाही. डिझेलचा फवारा फार जोरात सुटतो. नळी गळते का हे बोट लावून बघू नका, पुठ्ठा धरून बघा. फवारा कातडीतून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आतले मांस सडते. असे झाले तर दुखायची वाट न बघता त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठा.

परत जोडताना

नेहमी नवे पॅकिंग घाला. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी लावून तपासून घ्या. वाकले असेल तर ते आधी मशीनवर सपाट करून आणावे लागते. बोल्ट आवळताना क्रम उलटा: मधून सुरुवात आणि कडेला शेवट, तोही दोन-तीन फेऱ्यांत. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. तो आकडा वाचून टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने आवळू नका.

सगळे झाल्यावर करवंट्या बघा. त्या रिकाम्या असायला हव्यात. एक वायसर जरी उरला, तरी चावी फिरवू नका. इंजिन उघड्यावर चालू करा. बंद खोलीतल्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. माणूस झोप आल्यासारखा पडतो आणि उठत नाही.

कशाला हात लावू नये?

हे नियम जुन्या जीपला लागू आहेत, तसेच शेतातल्या पंपाच्या इंजिनालाही. अशी डिझेल इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. पण आजच्या नव्या गाड्यांत संगणक असतो आणि डिझेलचा दाब पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांतली वीज जीव घेते. अशा गाड्या शिकलेल्या कारागिराकडेच न्या. ज्यांना हे काम नीट शिकायचे आहे, त्यांच्यासाठी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलीही तो शिकू शकतात.

मंडळी, मोडणे सोपे, जोडणे कठीण. पण जोडणाऱ्याच्या हाती पाना आणि पेन्सिल दोन्ही असली, म्हणजे कठीण कामही पार पडते. पुढच्या वेळी गाडी आंबा घाट चढेल, तेव्हा तिच्यात आपलीच पोरेबाळे बसलेली असतील. ते मनात ठेवूनच प्रत्येक बोल्ट आवळा.