शनिवारचा बाजार : पेठ आणि पथारी

सांगलीच्या जुन्या पेठेत शनिवारी सकाळपासूनच माळव्याच्या पाट्या उतरू लागतात. मारुती रोड, शिवाजी मंडई, बालाजी चौक, कापड पेठ या भागांत रस्त्याच्या कडेने पथाऱ्या पडतात आणि दुपार कलल्यावर तेथून वाट काढणेही कठीण होते. मेथी-कोथिंबिरीच्या पेंड्या, ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, कडधान्ये, मसाल्याचे जिन्नस, शिवाय भांडी आणि तयार कपडे असा आठवड्याचा सारा संसार एका फेरीत पिशवीत भरता येतो. १९९८ पासून सांगली आणि मिरजेसह एकाच महानगरपालिकेत असलेल्या कुपवाडहूनही अनेक कुटुंबे या बाजारासाठी येतात.

जैन गृहिणीची खरेदी येथे चटकन ओळखू येते. कांदा, बटाटा, गाजर यांच्या ढिगांपुढे ती थांबत नाही. कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध असली तरी बहुबीज म्हणून अनेक घरांत ती वर्ज्य असतात. चातुर्मासात पालेभाज्याही सुटतात, तेव्हा दोडका, पडवळ, कारले आणि कडधान्ये यांकडे तिचा मोर्चा वळतो. नेहमीच्या माळवेवालीला हे सारे ठाऊक असते. न विचारता ती योग्य पाटी पुढे सरकवते.

या पेठेचा इतिहास दोन शतकांहून अधिक आहे. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीस राजधानी केली. पुढे गणपती मंदिराच्या परिसरात पेठा वाढल्या, व्यापारी घराणी स्थिरावली. हळदीने गावाचे नाव दूरवर नेले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद-गुळाचे मोठे सौदे आता मार्केट यार्डात होतात. किरकोळ खरेदीची गजबज मात्र जुन्या पेठेने अजून सोडलेली नाही.

याच गजबजीतून एक जुना तंटाही उभा राहतो. दुकानापुढे पथारी पडली की दर्शनी भाग झाकतो, गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही आणि भाडे व कर भरणाऱ्या दुकानदाराचा संताप होतो. ही तक्रार खोटी नाही. परंतु माळव्यासाठी आलेले कुटुंबच परतताना साडी, भांडे किंवा किराणा घेते, हेही तितकेच खरे. बाजार हलवला, तर ही गर्दी पेठेतच राहील याची खात्री कोण देणार?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात या प्रश्नाचा विचार झालेला आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असा नियम आहे. जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालू आहे, असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावेत व तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, अशीही तरतूद आहे. जुन्या आठवडी बाजारांसाठी ती मोलाची ठरते. याच समितीत व्यापारी संघटनांनाही स्थान आहे. पथाऱ्यांची रेषा, दुकानाची मोकळी वाट, गाड्यांची जागा आणि कचरा उचलण्याची वेळ हे सारे तेथे बसून ठरवता येते.

पेठ आणि पथारी यांचे भवितव्य वेगळे नाही, हे महापुराने दाखवून दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. हरभट रोड, कापड पेठ, गणपती पेठ पाण्याखाली गेल्या. दुकानदाराचा माल भिजला, पथारीवाल्याची रोजची मिळकत बुडाली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले.

तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत खोटी वजने-मापे आणि भेसळ यांबरोबरच राज्याच्या नियमांचे उल्लंघनही येते. गादीवर बसणाऱ्याला आणि जमिनीवर बसणाऱ्याला हा दंडक सारखाच लागू आहे. जी व्यापारी घराणी पिढ्यान् पिढ्या सचोटीवर उभी राहिली, त्यांनी आपल्या पायरीखाली बसणाऱ्या माळवेवालीलाही पेठेची वाटेकरी मानले, तर शनिवारचा बाजार पुढच्या पिढीलाही पाहावयास मिळेल.