अपंगत्व पेन्शन : बोर्डाचा कागद काय सांगतो

फौजेतून घरी आलेल्या कुणाचा गुडघा धरतो, कुणाला एका कानाने ऐकू येत नाही, कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असते. डिसॅबिलिटी पेन्शन मिळेल का, असं विचारताना ते पुढ्यात ठेवतात गेल्या महिन्यात काढलेला एमआरआय. एमआरआय खरा असतो, पण तो आजचं दुखणं दाखवतो. पेन्शन ठरते ती दुखणं नोकरीत असताना सुरू झालं का आणि नोकरीमुळे झालं किंवा बळावलं का, यावर. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरच्या ताज्या दाखल्यापेक्षा पंधरा वर्षांपूर्वीच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपला इथे जास्त वजन असतं.

अटी दोनच. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं, आणि ते किमान 20 टक्के हवं. दोन्ही गोष्टी ठरवतो तो मेडिकल बोर्ड. मुदत संपवून घरी येताना होतो तो रिलीज मेडिकल बोर्ड. आजारपणामुळे मधेच घरी पाठवलं तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. बोर्डाचा अहवाल एएफएमएसएफ-16 या फॉर्मवर लिहिला जातो. तुमच्या फायलीत हा फॉर्म नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो मिळवा.

आता हा फॉर्म नीट वाचायचा. सुरुवातीला जवानाचं स्वतःचं निवेदन असतं : कुठे कुठे पोस्टिंग झालं, आजार कधी आणि कुठे सुरू झाला, भरतीआधी तो होता का. हे घाईत भरलं जातं, कधी कारकून भरतो आणि जवान नुसती सही ठोकतो. पण पुढे अपिलात नेमक्या याच ओळी काढल्या जातात. मग येतो बोर्डाच्या मताचा तक्ता. प्रत्येक आजारासमोर तीन प्रश्न : सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की सेवेशी संबंध नाही? दोन्हीकडे ‘नाही’ पडलं की दावा अडकतो. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला ‘नाना’ म्हणतात, आणि हा नाना ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो काही लाडका वाटत नाही. शेवटी टक्केवारी आणि ती किती काळासाठी, हे लिहिलेलं असतं.

सगळ्यात बारकाईने पाहायचा तो कारणाचा रकाना. ‘आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला’ किंवा ‘शरीरप्रकृतीचा आजार’ एवढीच ओळ तिथे असेल तर ते कारण तकलादू आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. जवानाला नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं; आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर; आणि बोर्डाने मत दिलं तर त्याची कारणंही द्यायला हवीत. म्हणून भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद, जो कुणी जपून ठेवत नाही, तो दाव्याचा पाया आहे.

मधल्या वर्षांचे कागद त्यावर उभे राहतात. लो मेडिकल कॅटेगरीत गेलेल्या जवानाचा ठरावीक काळाने पुन्हा बोर्ड होतो, तो एएफएमएसएफ-15 या फॉर्मवर. त्यात आजार सुरू झाल्याची तारीख आणि ठिकाण असतं. एखाद्या जुन्या 15 नंबरच्या फॉर्मवर ‘सेवेमुळे वाढला’ असं लिहिलं असेल आणि शेवटच्या 16 नंबरच्या फॉर्मवर ‘संबंध नाही’, तर ही विसंगती अपिलात पहिल्या परिच्छेदात मांडावी.

दुखापतीचं गणित वेगळं. तिथे डॉक्टरच्या कागदाइतकाच कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-2006, महत्त्वाचा. जवान त्या वेळी ड्युटीवर होता का, हे त्यात लिहिलेलं असतं. गंभीर दुखापतीत कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते. सुट्टीतला अपघात हा फार वादाचा भाग आहे. सुट्टीवरून युनिटला परतताना सरकारी खर्चाच्या प्रवासात अपघात झाला, तर तो ड्युटीत धरण्याची तरतूद नियमांत आहे; तिथे रेल्वे वॉरंट आणि लीव्ह सर्टिफिकेट हेसुद्धा पुरावे ठरतात. घरच्या कौलांवर चढून पडलात तर मात्र सेवेशी संबंध दाखवणं जवळपास अशक्य असतं.

काही आजारांत वैद्यकीय कागद एकटा पुरत नाही. रक्तदाबासाठी फील्ड, अतिउंचीवरचा भाग किंवा दहशतवादविरोधी मोहिमेतल्या पोस्टिंगचा दाखला लागतो. हृदयविकारात झटका येण्याआधीच्या 14 दिवसांत जवानाने कोणती ड्युटी केली, याचा तक्ता युनिटकडून मागवला जातो. म्हणजे केस पेपर आणि पोस्टिंगचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवायच्या.

हे कागद मिळतात रेकॉर्ड ऑफिसातून. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला. आधी साधा अर्ज करावा, उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून आपल्याच वैद्यकीय कागदांच्या प्रती मागाव्यात. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. फॉर्मचं नाव, हॉस्पिटल, भरती असल्याच्या तारखा लिहा. आणि उशीर करू नका : ज्यांना पेन्शन लागू झाली नाही त्यांच्या सेवेच्या फायली 25 वर्षांनी नष्ट केल्या जातात. अर्ज कसा लिहावा याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

दावा नाकारला तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अपिलाला मूळ कागद कधीच जोडू नये, प्रतीच द्याव्यात. पानांना क्रमांक घालून सुरुवातीला तारखांची एक पानी यादी लावली तर वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि तुमचा मुद्दा हरवत नाही.

पैशाचं बोलायचं तर 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, खाली त्या प्रमाणात. वेतन 50,000 आणि अपंगत्व 30 टक्के असेल तर 4,500 रुपये. पण 50 टक्क्यांच्या खालचं अपंगत्व 50 धरण्याचा नियम आहे, आणि मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात 2014 मध्ये सांगितलं. मग तीच रक्कम 7,500 होते. 21 सप्टेंबर 2023 पासून मात्र नवे नियम आले आहेत; त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी हा हिशेब जसाच्या तसा धरू नये.

अजून नोकरीत असलेल्यांसाठी एवढंच : रिलीज बोर्डाच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, चुकलेली तारीख तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या आणि प्रत मागा. युनिटमध्ये असताना जो कागद एका दिवसात मिळतो, तो गावी आल्यावर मागवायला महिने लागतात.