पावसाचे शब्द आणि पावसाचे माप

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील या मुलखात भात, नागली व वरई ही पिके पावसाच्या भरवशावर येतात. साहजिकच तेथील बोलण्यात पावसाच्या शब्दांना वाण नाही. मृगाआधी गडगडत येतो तो वळीव, येते आणि निघून जाते ती सर, दिवसचे दिवस खळत नाही ती झड आणि झडीनंतर ऊन पडते ती उघडीप. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, ही नावेही महाराष्ट्रास परिचित आहेत. यांतील प्रत्येक शब्द शेतकऱ्यास काही काम सांगतो. झड लागली की आवणीची घाई होते, उघडीप मिळाली की बेणणीस हात लागतात.

पाऊस कसा पडला, हे या शब्दांवरून कळते. किती पडला, हे मात्र कळत नाही. एकाची मुसळधार ती दुसऱ्याची साधी सर असू शकते. हा वाद मिटविण्याकरिता पर्जन्यमापक आहे. यंत्रांमध्ये हे सर्वांत साधे : वर धारदार काठाचे नरसाळे, खाली पाणी साठण्याचे भांडे आणि मोजण्यास काचेचे माप. रोज सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचे पाणी मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. एका गुंठ्यावर ते सुमारे १०१ लिटर भरते.

१८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याने पावसाच्या शब्दांनाही अशी मापे लावून दिली आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून अधिक तो अत्यंत मुसळधार.

तथापि यंत्राचे बोलणे ते कोठे ठेवले आहे यावर अवलंबून असते. तापमापकावर ऊन पडू नये म्हणून तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात आणि तिचे दार उत्तरेस करतात. समुद्रकाठी वायुभारमापकातील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उभा राहतो. तोच वायुभारमापक सुमारे ४५० मीटर उंचीवरील जव्हारास नेला, तर पारा ४ सेंटिमीटरच्या आसपास उतरेल. तेथे वादळ आले आहे असा त्याचा अर्थ नव्हे. डोक्यावरील हवेचा थर तेवढा कमी झाला, इतकेच. हिशेबाने ही उणीव भरून काढता येते.

पावसाच्या बाबतीत मात्र असा हिशेब चालत नाही. एका ठिकाणच्या पावसावरून दुसऱ्या ठिकाणचा पाऊस काढता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरातील कुलाब्यास ७५ मिलिमीटरही झाला नाही. सपाट शहरात ही गत, तर डोंगरदऱ्यांच्या मुलखात एका खिंडीच्या दोन बाजूंस वेगळा पाऊस पडला तर नवल ते काय?

हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे महाराष्ट्र शासन त्यास अतिवृष्टी समजते, आणि पिकाच्या नुकसानीची मदत या नोंदीशी निगडित असते. एका मंडळात अनेक गावे व पाडे येतात. उतारावरील नागली मातीसकट वाहून गेली, आणि मंडळाच्या पर्जन्यमापकात पाणी ६० मिलिमीटरच भरले, तर शेतकऱ्याचा शब्द आणि यंत्राचा आकडा समोरासमोर उभे राहतात. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

दुसरी अडचण झडीची. रोज पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस आठवडाभर पडत राहिला, तर तो अतिवृष्टीच्या व्याख्येत कोणत्याच दिवशी बसत नाही. पण कापून ठेवलेल्या भातास शेतातच मोड येतात. २०२३ साली शासनाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली. सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस, ही तिची एक अट आहे. शेतकरी जिला पिढ्यान् पिढ्या झड म्हणत आला, तिला अशा रीतीने सरकारी कागदावर जागा मिळाली. जुना शब्द खरा होता. उणीव होती ती मापाची.

म्हणून जुने शब्द टाकू नयेत आणि यंत्रासही दोष देऊ नये. यंत्रे अधिक ठिकाणी असावीत, हेच श्रेयस्कर. प्रत्येक पाड्यावरील शाळेने एक पर्जन्यमापक उघड्या जागी, झाडाच्या छायेबाहेर ठेवून रोजचा आकडा वहीत उतरविला, आणि त्याच ओळीत सर, झड वा उघडीप हा शब्दही लिहिला, तर ती वही सरकारी दप्तराची जागा घेणार नाही हे खरे. पण पाऊस किती पडला व कसा पडला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पाड्यापाशी स्वतःची राहतील.