स्टेडियम कुणाचे आणि खर्च कुणाचा?

२००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षे भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन क्लबांनी ते आपसांत वाटून घेतले. एवढ्याशा प्रदेशाने कोलकात्यासारख्या महानगराला सात हंगाम मागे टाकावे, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु या अभिमानाला एक विसंगतीही चिकटलेली आहे. राष्ट्रीय स्पर्धेचे सामने भरवता येतील असे स्वतःच्या मालकीचे स्टेडियम या तिन्ही विजेत्यांपैकी एकाकडेही नव्हते. गोव्याचा फुटबॉल सरकारच्या अंगणात वाढला आणि तेथेच भाडेकरू म्हणून राहिला. म्हणूनच क्लबासाठी नवे स्टेडियम हवे, ही मागणी वारंवार पुढे येते. मागणी रास्त आहे. मात्र ते उभारावे कुणाच्या पैशाने आणि त्याची मालकी कुणाकडे असावी, या दोन प्रश्नांची उत्तरे ठरविल्यावाचून पायाचा दगड बसविणे हा अविचार ठरेल.

आजवरचा इतिहास पाहता गोव्यात क्लब चालविले ते प्रामुख्याने खाण व उद्योग घराण्यांनी, आणि मैदाने बांधली ती सरकारने. फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ साली उभे राहिले आणि त्याच वर्षी तेथे आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा सामनाही झाला. पुढे बांबोळीचे स्टेडियम उभारले गेले व फातोर्ड्याचे नूतनीकरण झाले, तेही २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेच्या निमित्ताने. २०१७ ची सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा, २०२२ ची मुलींची विश्वचषक स्पर्धा आणि २०२३ ची राष्ट्रीय क्रीडास्पर्धा, अशा प्रत्येक सोहळ्यासाठी तिजोरी उघडली गेली. पैसा आला तो सोहळ्यांच्या तारखा गाठण्यासाठी. दर आठवड्याला खेळणाऱ्या क्लबाची गरज काय, हा विचार त्यात दुय्यमच राहिला.

क्लबाला स्वतःचे मैदान हवेसे वाटावे याची कारणे उघड आहेत. मैदान भाड्याचे असले की तिकिटांपलीकडचे उत्पन्न, म्हणजे फलकांच्या जाहिराती, उपाहारगृहे, दुकानांचे गाळे, हे सारे मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. सामन्याच्या दिवशी मैदान मिळेल की एखाद्या सरकारी कार्यक्रमाला जाईल, याची धास्ती असते. आशियाई महासंघाच्या परवाना नियमांनुसारही क्लबाकडे मैदानाची मालकी किंवा वापराचा लेखी करार असावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध खेळून गेला. या पातळीवर खेळणाऱ्या संघाला मैदानाची शाश्वती हवी, हे कुणीही मान्य करील.

पण शाश्वती आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्टेडियमचे अर्थकारण समजून घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. साखळी स्पर्धेत एका संघाच्या वाट्याला घरच्या मैदानावरचे दहा-बारा सामने येतात, करंडक स्पर्धांचे आणखी काही धरा. वर्षाचे उरलेले तीनशेहून अधिक दिवस खुर्च्या रिकाम्या राहतात. खर्च मात्र रिकामा राहत नाही. चार महिन्यांचा कोसळता पाऊस आणि बारमाही खारा वारा यांच्यापुढे लोखंडी छप्पर, दिव्यांचे खांब व गवताखालची निचऱ्याची व्यवस्था किती काळ टिकते, हे कोकणपट्टीतील घरमालकांस सांगावयास नको. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा दरवर्षी होतो. उद्घाटनाच्या भाषणांत या दुसऱ्या खर्चाचा उल्लेख अभावानेच सापडतो.

तेव्हा पहिला पर्याय असा, की क्लबाच्या मालकांनी स्वतःच्या पैशाने बांधावे. जमीनही ते बाजारभावाने घेणार असतील तर आमची काहीच हरकत नाही. पण व्यवहारात मागणी होते ती सवलतीच्या सरकारी जमिनीची. येथेच सावध राहिले पाहिजे, कारण आपल्याकडे व्यावसायिक क्लबांचे आयुष्य फार अल्प असते. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघ विसर्जित झाला. २००७ साली निघालेला पुणे एफसी दहा वर्षेही टिकला नाही. त्याच शहरातला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबादने घेतली आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीस गेला. गोव्यातही २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून एकाच वर्षी बाहेर पडले. राष्ट्रीय फुटबॉलच्या धोरणाविरुद्धचा तो निषेध होता. धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, पण मधली वर्षे गेली ती गेलीच. २०२५ मध्ये तर महासंघाचा व्यापारी करार संपत आल्यामुळे देशातील अव्वल साखळी स्पर्धाच वेळेवर सुरू होऊ शकली नाही. पुण्याचे दोन्ही संघ गेले, परंतु १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल शाबूत राहिले, कारण ते सरकारचे होते. त्याची जमीन क्लबाच्या नावावर असती तर आज तेथे काय उभे असते, हे वाचकांनीच ताडावे.

दुसरा पर्याय, सरकारने बांधून क्लबाला वापरू द्यावे. यातही खड्डे आहेत. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले स्टेडियम वेस्ट हॅम या क्लबाला ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आले. फुटबॉलसाठी त्यात फेरबदल करण्यास ३२ कोटी पौंडांहून अधिक खर्च आला आणि क्लबाचे वार्षिक भाडे ठरले सुमारे २५ लाख पौंड. तोट्याचा भार पडला तो सार्वजनिक तिजोरीवर. उलट, भाडेकरूपणाची दैना कॉव्हेंट्री सिटीने भोगली. शंभर वर्षांचे स्वतःचे मैदान २००५ साली सोडून हा क्लब दुसऱ्याच्या मालकीच्या स्टेडियमात गेला, मालकांशी वाद झाले आणि दोनदा त्याला घरचे सामने परगावी जाऊन खेळावे लागले. अखेर २०२५ मध्ये क्लबाने ते स्टेडियम विकत घेतले. पहिल्या उदाहरणात सरकार नाडले गेले, दुसऱ्यात क्लब. दोन्हींचे मूळ एकच, करारनाम्यातील ढिलाई.

केवळ सरकारी खात्याच्या भरवशावर मैदान ठेवल्यास काय होते, हे पाहण्यासाठी विलायतेस जाण्याची गरज नाही. आपल्या सीमेपलीकडच्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत मराठी बोलणारी मोठी वस्ती आहे. कर्नाटकाच्या त्या मागास भागासाठी राज्यघटनेत ३७१ (जे) हे कलम घातले गेले आणि स्वतंत्र विकास मंडळामार्फत निधीही मिळू लागला. तेथे सरकारी जिल्हा क्रीडांगणे आहेत. पण राष्ट्रीय फुटबॉलच्या नकाशावर ओळखला जाईल असा क्लब तेथे उभा राहिला नाही. निधीने भिंती उभ्या राहतात. खेळाची परंपरा निधीतून निघत नाही, ती गावातून निघते. गोव्याचे भाग्य असे की ती परंपरा येथे आधीच आहे. सासष्टीतील वा बार्देशातील गावोगावची मैदाने कधी कोमुनिदादीच्या जमिनीवर, कधी चर्चच्या आवारालगत, कधी कापणीनंतरच्या शेतात उभी राहिली, आणि मोठ्या क्लबांना खेळाडू पुरविले ते याच मैदानांनी.

म्हणूनच आम्हांस वाटते की उत्तर शोधण्यासाठी आपण आपल्याच जुन्या व्यवस्थेकडे वळावे. गांवकरीची जमीन कुणा एकाची नव्हती. ती ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जाई. खंडाच्या उत्पन्नातून बांध, देवस्थान आणि गावची कामे भागविली जात आणि शिल्लक राहिल्यास गांवकारांना जोण मिळे. कसणाऱ्याला पीक मिळे, पण जमीन गावाचीच राही, आणि बांधाचा खर्च वाटणीच्या आधी निघे. या व्यवस्थेत दोषही होते. जोण ठरावीक कुळांच्या पुरुषांपुरतीच राहिली, हा त्यातला मोठा दोष. तरीही तिचे मर्म आजही घेण्याजोगे आहे.

या मर्मानुसार नव्या स्टेडियमची जमीन सार्वजनिक मालकीचीच राहावी व तिचे हस्तांतरण कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. बांधकामात क्लबाने आपला ठोस हिस्सा आधी भरावा आणि त्या बदल्यात दीर्घ मुदतीचा, सामन्यांच्या तारखांची हमी देणारा करार मिळवावा. जाहिराती व गाळ्यांच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग नफा मोजण्यापूर्वीच देखभाल निधीत जावा. वर्षातील काही दिवस स्थानिक लीग, शाळा आणि मुलींचे संघ यांच्यासाठी राखून ठेवावेत. क्लब बंद पडला वा परराज्यात गेला तर करार आपोआप संपावा. आणि या सर्वांचा जमाखर्च दरवर्षी विधानसभेपुढे यावा. एवढ्या अटी ज्या क्लबाला जाचक वाटतील, त्याला गोव्याच्या मैदानापेक्षा गोव्याच्या जमिनीतच अधिक रस आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला शाहू स्टेडियम तुडुंब भरते, आणि हे संघ तालमी-मंडळांचे आहेत, कुणा कंपनीचे नव्हेत. लोकांना आपले वाटणारे मैदान ओसाड पडत नाही. गोव्यात क्लब आले आणि गेले, पुढेही येतील व जातील. येथे टिकणार आहेत ती गावे आणि त्यांतील पोरे. स्टेडियमचा करार लिहिताना सही क्लबाची आणि सरकारची असेल. मसुदा मात्र या तिसऱ्या पक्षाला समोर ठेवूनच तयार झाला पाहिजे.