बालवाडीतली ‘वाडी’

‘बालवाडी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यातल्या ‘वाडी’कडे आपले कधी लक्षच जात नाही. कोकणातल्या माणसाला विचारा, वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लँकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले. त्याचा अर्थही मुलांची बाग असाच. हे नाव नुसते शोभेचे नव्हते. फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक छोटा वाफा असे आणि त्याच्या भोवती सगळ्यांनी मिळून सांभाळायचे वाफे असत. आपले ते कोणते आणि सगळ्यांचे ते कोणते, हे मूल तिथे मातीत हात घालून शिकत असे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नयी तालीम’ मांडली आणि सेवाग्रामच्या शाळेत शेती व भाजीपाला हा शिक्षणाचाच भाग झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जी बालवाडी उभी केली, तिथे महागड्या साधनांऐवजी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले हीच मुलांची साधने होती.

आणि आज? शहरातल्या बहुतेक बालवाड्यांच्या भिंतींवर गाजर, टोमॅटो आणि वांगे हसऱ्या चेहऱ्याने रंगवलेले असतात. मुले त्यांची नावे दोन भाषांत घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘भुईमुगाच्या शेंगा फांदीला लागतात की जमिनीत?’ असे विचारा, की चिमुरडे आईकडे पाहते आणि क्वचित आईही बाबांकडे पाहते! भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर फुलते, मग त्याची आरी वाकून मातीत शिरते आणि तिथे शेंग धरते. ही गंमत चित्रातून सांगून पुरेशी कळत नाही. ती कुंडीत पाहावी लागते.

पुणेकरांना तर बागेचे अप्रूप वाटायचे कारणच नाही. आपल्या शहराचा निम्मा पत्ता बागांच्या नावांनी सांगता येतो. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, हिराबाग, मोतीबाग, सारसबाग! यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता बाग नावापुरतीच उरली आहे. तुळशीबागेत भातुकलीपासून भांड्यांपर्यंत सगळे मिळते, तुळशीचे बन तेवढे नाही. जुन्या वाड्यांतून मोरीच्या पाण्यावर अळू माजलेले असायचे, मागच्या अंगणात कढीपत्ता आणि गवती चहा, आणि आडाशेजारच्या मांडवावर तोंडली नाहीतर घोसाळी. आमटीला फोडणी पडली की ‘जा रे, चार पाने तोडून आण,’ एवढे म्हटले की काम होई. त्या घरातल्या मुलांना भाजी कुठून येते, हे कुणी शिकवलेच नाही. ते त्यांना माहीतच होते. वाडे गेले, सदनिका आल्या. ते होणारच होते, त्यावर उसासे टाकण्यात अर्थ नाही. मात्र मुलांना जे आपोआप मिळत होते, ते आता ठरवून द्यावे लागेल, एवढे खरे.

ते देणे अवघड नाही. गच्ची नसली तरी चालते, बाल्कनी किंवा खिडकीची जाळीही पुरते. अट एकच, तिथे रोज निदान चार तास ऊन यायला हवे. पालेभाज्यांना सहा इंच खोलीची माती पुरते. त्यासाठी फळांचा जुना क्रेट किंवा पसरट टब उत्तम. टोमॅटो, वांगे, मिरची यांना मात्र फूटभर खोली हवी. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून वापरता येतो. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे पाणी निघून जाते आणि स्लॅब ओला राहत नाही. सोसायटीच्या सामायिक गच्चीवर बाग करायची तर आधी सर्वांची संमती घ्यावी. भिजलेल्या मातीचे वजन बरेच होते आणि खालच्या मजल्यावरच्या मंडळींची गळतीची भीती काही अगदीच अनाठायी नसते.

पुण्याची काळी माती नुसती कुंडीत भरली तर ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात दगड. तिच्यात निम्म्याहून अधिक वाळका पाला आणि कुजलेले खत मिसळावे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर पेशाने गणिताचे अध्यापक. पण ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांनाही पालापाचोळ्यापासून सकस माती घरच्या घरी कशी तयार करावी, हे शिकवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. मुंबईत जागेची टंचाई आपल्यापेक्षा अधिक, तिथे जमले ते पुण्यात न जमायला काय झाले?

मुलांबरोबर बाग करायची तर पहिली भाजी निवडताना मात्र जरा धोरणाने घ्यावे. लहान मुलाचा ‘उद्या’ फार लांब असतो. त्याला सुरुवातीलाच वांग्याचे रोप दिले, तर वांगे धरेपर्यंत त्याचा उत्साह कधीच मावळलेला असेल. म्हणून प्रथम मेथी. डब्यातलेच मेथीदाणे रात्री भिजत घालावेत आणि सकाळी मुलाच्या मुठीने पेरावेत. तीन-चार दिवसांत हिरवे कोंब माती डोक्यावर घेऊन वर येतात आणि महिनाभरात भाजी खुडता येते. लसणाच्या पाकळ्या टोचल्या, की दोन-तीन आठवड्यांत चटणीपुरती पात मिळते. धणे जरासे रगडून त्यांच्या दोन फाकी करून पेरावेत. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस लागतात. मेथीवर समाधान पावलेल्या मुलाला धीर शिकवायला हे दहा दिवस उत्तम! त्यानंतर मुळा. पाने वर, पण खरी भाजी खाली, आणि ती उपटण्याचा आनंद काही औरच. आणि हो, पालकांनी पालक लावायला तर विसरूच नये! दोघांचेही सारखेच आहे. रोज थोडे लक्ष दिले तर टवटवीत राहतात, आठवडाभर दुर्लक्ष केले तर माना टाकतात.

या पालेभाज्यांचा पुण्यातला खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर लवकर फुलावर येतात, तेव्हा गवार, भेंडी आणि चवळीकडे वळावे. पावसाळ्याच्या तोंडावर दुधी, दोडका, लाल भोपळा यांचे वेल लावावेत. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, दुधीची पांढरी फुले संध्याकाळी. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाच्या मागे नुसता दांडा. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नसतील, तर मुलाने नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवावे. चार-सहा दिवसांत ते इवलेसे फळ फुगू लागले, की त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. विज्ञानाचा तो धडा परीक्षेनंतरही लक्षात राहतो.

मुलांच्या बागेचे काही नियम मोठ्यांनी पाळायचे असतात. पहिला म्हणजे, मुलाची कुंडी ती मुलाचीच. ओळी वाकड्या आल्या, बी दाट पडले, तरी आपण हळूच जाऊन ते नीट करून ठेवायचे नाही. मुले पेरलेले बी रोज उकरून पाहतात, त्यावर रागावायचे नाही. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा अधीरपणा त्यांच्या वयाला शोभतोच. त्यावर उपाय म्हणून काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर वालाचा एक दाणा ठेवावा. मातीखाली काय चालले आहे, ते मग उकरल्याशिवाय दिसते. दुसरा नियम सुरक्षिततेचा. गच्चीवर मुलाला एकटे सोडू नये, मातीत खेळल्यावर साबणाने हात धुवावेत, अळूचे पान कच्चे चावू देऊ नये, कारण ते घशाला खाजते. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नये. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

खरी परीक्षा पुढे असते. एक दिवस कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी दिसते. जवळून पाहावे तर ते हलते! ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि कढीपत्ता भराभर फस्त करते. आता काय करायचे? मारायची, की पानांवर पाणी सोडायचे? याचे उत्तर पुस्तकात नाही. काही घरांत ‘दोन फांद्या तिच्या, बाकीच्या आपल्या’ असा तह होतो, आणि मग एका सकाळी कोष फाडून फुलपाखरू बाहेर येताना पाहायला शेजारची पोरेही जमतात. चवळीवरच्या माव्याला मात्र साबणाच्या पातळ पाण्याने किंवा निंबोळी तेलाने हटवावेच लागते. जीव कुठे वाचवायचा आणि पीक कुठे राखायचे, हा शेतकऱ्यापुढचा रोजचा प्रश्न. तो पाच वर्षांच्या मुलापुढे पहिल्यांदा येतो तो असा.

आणि कधी रोप मरते. आठ दिवस गावाला गेलो, परत आलो तर टोमॅटो वाळलेला. हल्ली खेळणे मोडले तर दुसरे आणता येते, पेन्सिल हरवली तर डझनभर घरात असतात. वाळलेले रोप मात्र दुकानातून ‘तेच’ आणता येत नाही. त्या वेळी ‘जाऊ दे, नवीन आणू’ असे घाईने म्हणू नये. मुलाला थोडे वाईट वाटू द्यावे. ते रोप कापून खताच्या डब्यात घालावे आणि त्याच मातीतून पुढचे उगवेल, हे त्याला दाखवावे. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याइतके चांगले कुणालाच जमत नाही.

स्वतः वाढवलेली भाजी मुले खातात का, हा आयांचा नेहमीचा प्रश्न. अमेरिकेत बर्कली येथे अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्ये एका शाळेच्या आवारात भाजीची बाग आणि तिच्या जोडीला स्वयंपाकघर सुरू केले ते याच विचाराने. निरनिराळ्या देशांतल्या शाळांमधला अनुभव असा, की भाजी पिकवणारी मुले ती निदान चाखून पाहायला अधिक तयार होतात. म्हणजे कारल्याची लगेच गोडी लागते असे नव्हे! पण ‘माझी मेथी’ या दोन शब्दांत अशी काही जादू आहे, की ताटातून बाजूला सारलेली भाजी थोडी तरी पोटात जाते.

तरीही पैशांचा हिशेब मांडाल तर ही बाग आतबट्ट्याचीच ठरेल. क्रेटभर मेथीतून एक वेळची भाजी निघते. मग हा खटाटोप कशासाठी?

एक कारण आपल्या कचऱ्याच्या डब्यात आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तिथल्या लोकांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचे पाणी बिघडलेले पाहिले आणि पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. आपण फेकलेली साले ‘कुठेतरी’ जातात, हे मुलाला वाटते, कारण आपल्यालाही तसेच वाटते. सालींवर वाळका पाला टाकत गेले, तर दोन-तीन महिन्यांत त्याच डब्यातून काळेभोर खत निघते, त्याला दुर्गंधीही येत नाही. केळ्याच्या सालीपासून माती होताना पाहिलेले मूल तो डबा दुसऱ्याच्या दारात रिकामा करताना निदान एकदा थबकेल.

दुसरे कारण मंडईत आहे. १८८६ साली बांधलेली आपली ही मंडई ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली आणि पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ते फार उचित झाले. फुल्यांचे घराणे फुला-भाज्यांच्या व्यवसायातले आणि १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याची दैना जगापुढे मांडणारे तेच. त्या मंडईच्या दारात आपण मुलाचा हात धरून उभे असतो आणि दुसऱ्या हाताने मेथीची जुडी उलटीपालटी करून भाव पाडायला सांगत असतो. ज्या मुलाने मूठभर मेथीसाठी तीस दिवस वाट पाहिली आहे, वळवाच्या एका सरीत आपला वाफा आडवा झालेला पाहिला आहे, त्याला त्या जुडीची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळलेली असते. ‘आई, एवढी मोठी जुडी त्यांनी किती दिवसांत वाढवली असेल गं?’ असे त्याने विचारले, तर उत्तर द्यायला आपल्याला थोडा वेळ लागेल. पण भाव करण्याचे मात्र आपण त्या दिवशी विसरून जाऊ.