कार्ड खिशात, रुग्णालय किती लांब?

आगरदांड्याच्या धक्क्यावरून समोर दिघी दिसते. जंगल जेट्टीत गाडी चढवली की खाडी थोड्याच वेळात पार होते. पण याच गावातल्या एखाद्या मच्छीमाराची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्याला डायलिसिससाठी अलिबाग गाठावे लागले, तर मुरूड, काशीद, रेवदंडा असे एका बाजूने ५० किलोमीटरहून जास्त अंतर कापावे लागते. आठवड्यातून तीन फेऱ्या धरल्या, तर महिन्याचा प्रवास १२०० किलोमीटरच्या पुढे जातो. उपचार मोफत असले, तरी हा प्रवास आणि त्यापायी बुडणारी मजुरी त्याच्याच माथी येते.

हे उपचार मोफत मिळतात ते सरकारी आरोग्य योजनेमुळे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. पुढे ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. आता ते ५ लाख आहे आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी राज्यातील सर्व कुटुंबे योजनेत आली आहेत.

संरक्षणाचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. दुसऱ्या आकड्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी, प्रत्येक उपचारासाठी रुग्णालयाला किती रुपये द्यायचे, हे आधीच ठरलेले असते. त्याला पॅकेज म्हणतात. सर्वसाधारण कक्षातील खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी जाण्याचे एसटीचे भाडे, सगळे त्या एकाच रकमेत बसवायचे असते. सरकारी रुग्णालयालाही योजनेच्या दाव्यांतून पैसे मिळतात. औषधे व साहित्य घेताना त्यांचाच आधार होतो.

हा दर कमी झाला तर काय होते? हाच वाद अमेरिकेत जवळजवळ दरवर्षी रंगतो. तिथे मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची सरकारी योजना १९६५ पासून आहे. १९९२ पासून डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला गुण दिले जातात आणि त्या गुणांना एका ठरावीक रकमेने गुणून मानधन काढतात. एका सेवेचा मोबदला वाढवला तर एकूण खर्च वाढू नये म्हणून इतर सेवांचा कमी करावा, असे तिथला कायदा सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला ही गुणक रकम २.८३ टक्क्यांनी घटली. महागाई जमेस धरता २००१ ते २०२५ या काळात डॉक्टरांचा मोबदला ३३ टक्क्यांनी घसरला, असा अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा हिशेब आहे.

आपल्याकडे कपात अशी उघडपणे क्वचितच जाहीर होते. इथे दर जागच्या जागी राहतो आणि खर्च वाढत जातो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर मोठ्या प्रमाणात सुधारले गेले ते थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्याआधी बरेचसे दर २०१४ चेच चालू होते. कपातीचा आणखी एक प्रकार म्हणजे उशीर. दर पुरेसा असला तरी पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत, तर औषधवाल्याची उधारी आणि परिचारिकांचे पगार थांबत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील अनेक खासगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणावरून आयुष्मान योजनेतील उपचार थांबवले होते.

दर कमी करणे नेहमीच चूक असते असेही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला. साहित्य स्वस्त झाले तर पॅकेजही उतरायला हवे, कारण तो पैसा जनतेचा आहे. पण मग साहित्य, वीज आणि पगार वाढल्यावर ते चढायलाही हवे.

तसे झाले नाही, तर मोठ्या शहरातले मोठे रुग्णालय रुग्णसंख्येच्या जोरावर तोटा भरून काढते. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला ते जमत नाही. ते आधी तोट्यातले उपचार बंद करते, मग योजनेतूनच बाहेर पडते. बाहेर न पडणाऱ्यांपैकी काही जण रुग्णाकडे वरचे पैसे मागतात, जे योजनेच्या नियमात बसत नाही. कागदावर रुग्णाचे ५ लाख तसेच राहतात. त्याचे रुग्णालय तेवढे दूर जाते.

डायलिसिसच्या रुग्णाला हे अंतर जिवावर बेतू शकते. भाड्याला पैसे नाहीत म्हणून एक फेरी चुकली, की शरीरात पाणी साठते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. पाण्यामुळे धाप लागते, तर पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडून ते अचानक थांबूही शकते. म्हणून पॅकेजचे दर दरवर्षी खर्चाशी ताडून पाहणे आणि दावे वेळेत चुकते करणे, हे डॉक्टरांच्या सोयीपुरते काम नाही. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या गावांसाठी तो उपचाराचाच भाग आहे.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी एवढे करावे. निघण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपल्याला हवा असलेला नेमका उपचार जवळच्या कोणत्या रुग्णालयात योजनेतून होतो ते विचारावे. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथे प्रत्येक उपचार मिळतोच असे नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावे. दाखल असताना जेवण, घरी जाताना दहा दिवसांची औषधे आणि परतीचे भाडे पॅकेजमध्येच असते, ते मागून घ्यावे. कोणी वरचे पैसे मागितले तर पावती घ्यावी आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवावी.