नव्या नावाची पत

एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ ही रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखकाचे नाव रॉबर्ट गॅलब्रेथ. लष्करी पोलीस दलात काम केलेल्या या गृहस्थाचे हे पहिलेच पुस्तक, असा परिचय छापला होता. परीक्षणे अनुकूल आली; तरी पहिल्या तीन महिन्यांत पुठ्ठा बांधणीच्या सुमारे १,५०० प्रतीच खपल्या. जुलैमध्ये एका वृत्तपत्राने उघड केले की, गॅलब्रेथ म्हणजे ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग. लगेच हेच पुस्तक खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. आतील मजकूर तसाच होता. माल तोच, पाटी तेवढी बदलली होती.

बाजारात वावरणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. नव्या पेढीला पत मिळण्यास काळ जावा लागतो. रहस्यकथेच्या बाबतीत तर अडचण अधिकच. कापड हाताला लावून पाहता येते, धान्याचा नमुना ओंजळीत घेता येतो. रहस्यकथेचा शेवट आधी पाहिला, तर खरेदीच वाया जाते. म्हणून वाचक ओळखीच्या नावावर भिस्त ठेवतो आणि त्याची झळ नवोदिताला बसते.

शेरलॉक होम्सची पहिली कथा ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ हिला अनेक प्रकाशकांचे नकार पचवावे लागले. अखेर १८८७ च्या एका नाताळ वार्षिकात ती छापली गेली, तीही सर्व हक्क अवघ्या २५ पौंडांना विकून. तरुण डॉक्टर असलेल्या आर्थर कॉनन डॉयल यांनी खपावर मानधन मागितले होते; ते नाकारण्यात आले. त्याच सुमारास मेलबर्नमध्ये फर्गस ह्यूम या वकिली कचेरीतील कारकुनाने ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ १८८६ मध्ये स्वखर्चाने छापली. पुस्तक हातोहात खपले. पण त्याने हक्क ५० पौंडांना विकले. पुढे लंडनमध्ये लाखो प्रती गेल्या. तो नफा इतरांच्या पदरात पडला.

अगाथा ख्रिस्ती यांची कथाही निराळी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधविभागात काम करीत. तेथे मिळालेल्या विषांच्या माहितीतून त्यांची पहिली कादंबरी साकारली. अनेक नकारांनंतर ती १९२० मध्ये प्रकाशित झाली. करार असा की, २,००० प्रती खपल्यावरच मानधन सुरू व्हावे आणि पुढील पाच पुस्तके याच प्रकाशकाला द्यावीत. या पुस्तकातून त्यांच्या हाती सुमारे २५ पौंड आले, तेही वृत्तपत्रातील क्रमशः प्रसिद्धीच्या हक्कातून.

मग नव्या लेखकाची पारख वाचकाने कशी करावी? पहिली वाट पुरस्कारांची. अमेरिकेतील ‘एडगर’ पुरस्कारांत १९४६ पासून, तर ब्रिटनमध्ये जॉन क्रीझी यांच्या स्मरणार्थ १९७३ पासून पहिल्या रहस्यकादंबरीचा स्वतंत्र गौरव होतो. या जुन्या याद्या म्हणजे नव्या नावांची तयार खातेवहीच. दुसरी वाट ग्रंथालयाची. तेथे अनोळखी नाव वाचून पाहण्यात खिशाला तोशीस नाही. तिसरी, पहिली वीस पाने. लेखकाला एखादा व्यवसाय वा परिसर आतून ठाऊक असेल, तर ते तेवढ्यात कळते. ख्रिस्ती यांच्या विषविषयक अचूकतेची प्रशंसा तर औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही केली होती.

ख्रिस्ती यांच्या त्या पहिल्या पुस्तकाच्या सुमारे दोन हजार प्रती खपल्या. त्या विकत घेणाऱ्यांना लेखिकेचे नाव ठाऊक नव्हते. पुढील अर्धशतकात जगभर वाढलेल्या त्या नावाला पहिली पत या अनोळखी ग्राहकांनीच दिली.